मध्ययुगीन इतिहासात पीएचडी करायची आहे: आधी विषय ठरवायचा की कागद?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इतिहासात एम.ए. झाले, सेट (सहायक प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) निघाली, शासनाचा मोडीचा वर्ग करून प्रमाणपत्रही मिळाले. आता मध्ययुगीन महाराष्ट्रावर पीएचडी करायची आहे. 'शिवकालीन प्रशासन' किंवा 'पेशवेकालीन समाजजीवन' असे काहीतरी मनात आहे, पण ज्या गाईडना विचारले ते म्हणाले, "यावर सगळे होऊन गेले आहे." मग विषय कोणता घ्यावा? फारसी यायलाच हवी का? आणि एवढे करून पुढे नोकरी आहे, की सीएचबीवरच (तासिका तत्त्वावरच) केस पिकायचे?

मी बरीच वर्षे मराठा कालखंड शिकवते आहे, मोडी कागद वाचते आहे आणि आता संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शनही करते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या. नोकरीचे शेवटी बोलू, कारण तिचे उत्तर बऱ्याच अंशी आधीच्या दोन उत्तरांवर अवलंबून आहे.

'शिवकालीन प्रशासन' हे नाव पुस्तकाच्या पाठीवर शोभते. संशोधनाचा विषय म्हणून ते आरआरसीपुढे (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे) मंजूरही होईल कदाचित. पण पुढे काय होते ते मी पाहिले आहे. विद्यार्थी ग्रंथालयात बसतो, आधीच्या पन्नास पुस्तकांतून अष्टप्रधान, किल्ले, महसूल, न्याय अशी प्रकरणे भरतो, आणि तीन-चार वर्षांनी पन्नासांची एक्कावन्न पुस्तके होतात. तुमच्या गाईडना बहुधा हेच म्हणायचे असावे. अशा नावाखाली करण्यासारखे खरेच काही उरलेले नाही.

कागदांचे मात्र तसे नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत. रियासतकार सरदेसायांनी जदुनाथ सरकारांच्या मदतीने त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेही १९३० ते १९३४ एवढ्या थोड्या काळात. काम अफाटच होते. पण त्यांची नजर राजकारणावर होती: मोहिमा, तह, वकिलांची पत्रे, वाड्यातली भांडणे. गावाचे ताळेबंद, परगण्याचे जमाखर्च, जकातीचे हिशेब, रोजकीर्दी हे बहुतांश रुमालातच राहिले. ते टिकले का, तर १८१८ नंतर इंग्रजांना त्यांची गरज होती. कोणते इनाम खरे, कोणाचे वतन जुने, कोणत्या गावाचा वसूल किती, हे ठरवायला इनाम कमिशनने याच दफ्तरावर हात चालवला. म्हणजे आपल्याकडे पराक्रमाच्या कागदांपेक्षा वसुलीचे कागद जास्त आहेत. तरुण संशोधकांना ही गोष्ट निराशाजनक वाटते. मला ती संधी वाटते.

म्हणून माझ्याकडे कुणी आले की मी विषयाचे नाव विचारतच नाही. तुम्ही कोणत्या संस्थेतले, कोणत्या दफ्तरातले, कोणत्या लिपीतले कागद वाचणार, आणि ते आज तुम्हाला वाचता येतात का, एवढेच विचारते. याचे उत्तर मिळाले की विषय आपोआप आकाराला येतो. 'पेशवेकालीन समाजजीवन' याऐवजी एखाद्या परगण्याच्या कसब्याची पेठ घ्या. तिथे शेटे-महाजन कोण होते, पेठ वसवायला सरकारने कोणता कौल (सवलतींचे लेखी आश्वासन) दिला, किती वर्षे जकात माफ केली, दुष्काळात कोणती दुकाने उठली? किंवा ओसाड गावांची लावणी घ्या. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुणब्याला इस्ताव्याचा कौल मिळे, म्हणजे पहिल्या वर्षी थोडा सारा आणि मग दरवर्षी चढता. असे कौल एका तर्फेत (परगण्याच्या पोटविभागात) सलग पंचवीस-तीस वर्षांचे सापडले, तर लढाईच्या धामधुमीनंतर माणसे परत यायला किती काळ लागला याचे उत्तर तुम्ही देऊ शकता. त्याला कोणी 'झालेले आहे' म्हणणार नाही.

इथे एक अट घालते. सगळ्याच परगण्यांचे कागद सारखे टिकलेले नाहीत. कुठे वीस वर्षांचा सलग ताळेबंद मिळतो, कुठे फक्त दोन तुकडे. त्यामुळे आधी दफ्तराच्या याद्या पाहायच्या, दोन-चार रुमाल उघडून बघायचे, आणि मगच नाव नोंदवायचे. उलट क्रमाने गेलात तर दुसऱ्या वर्षी कळते की विषय आहे पण कागद नाहीत, आणि तोवर विषय बदलणे म्हणजे विद्यापीठाच्या खिडक्या झिजवणे.

आता कागद वाचणे म्हणजे काय, ते एका नमुन्यावर दाखवते. समजा पाटीलकीच्या तंट्याचा महजर, म्हणजे सभेने दिलेला निवाडापत्राचा कागद, समोर आहे. तावाला ताव डकवून केलेला लांबलचक कागद. मागच्या बाजूला प्रत्येक जोडावर शिक्का, मधला ताव कुणी बदलू नये म्हणून. वर 'श्री', खाली तारीख, मग हाजिर मजालस (सभेला हजर असलेले) म्हणून नावांची रांग: देशमुख, देशपांडे, काजी, आसपासच्या गावांचे मोकदम (पाटील), पेठेचे शेटे-महाजन, शेवटी गावचे बलुते. मग अग्रवादीची (फिर्यादीची) तकरीर म्हणजे जबानी, पश्चिमवादीची (प्रतिवादीची) तकरीर, साक्षी, कधी दिव्य (देवाच्या नावाने घेतलेली कसोटी), आणि निवाडा. जिंकला त्याच्याकडून हरकी, हरला त्याच्याकडून गुन्हेगारी. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपापल्या धंद्याची निशाणी काढलेली असते: पाटलाचा नांगर, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा.

नवखा वाचक तकरिरीवर झडप घालतो. 'आमच्या पणज्यास मलिक अंबराने पाटीलकी दिली' असे तिथे लिहिलेले असते, आणि लगेच टिपणात 'मलिक अंबराने अमुक गावी पाटीलकी दिली' असे उतरते. अहो, तो माणूस वतन मिळवायला भांडतो आहे! मलिक अंबर १६२६ ला वारला. त्याच्या नावावर पुढे अनेकांनी आपला हक्क टेकवला, कारण त्याने लावलेला जमिनीचा धारा लोकांच्या लक्षात होता. कागद जे सिद्ध करण्यासाठी लिहिला गेला, त्याबाबत सर्वांत जास्त संशय घ्यायचा. आणि जे जाता जाता लिहिले गेले, त्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवायचा. मजालशीला कोण हजर होते हे खोटे लिहून कुणाचाच फायदा नव्हता. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी ती नावांची रांग आणि निशाण्या नोंदवायला सांगते. एका परगण्याचे बरेच महजर असे शेजारी शेजारी ठेवले की दिसायला लागते: मुलाणा बलुत्यांच्या रांगेत कुठे येतो, महार वेसकर म्हणून साक्षीला कधी उभा राहतो, काजी कोणत्या काळापर्यंत हजर असतो आणि नंतर त्याच्या जागी कोण बसते, नवऱ्यामागे वतनासाठी भांडायला बाई स्वतः येते की दिराला पुढे करते. प्रबंधाचे एक प्रकरण इथेच उभे राहते.

हिरोशी फुकाझावा नावाचे जपानी अभ्यासक होऊन गेले, तोक्योच्या हितोत्सुबाशी विद्यापीठाचे. मराठी शिकून त्यांनी अठराव्या शतकातल्या बलुतेदारांवर लिहिले. उत्तर भारतातल्या जजमानी पद्धतीत सेवा देणारा एकेका कुटुंबाशी बांधलेला असतो. आपल्याकडचा बलुतेदार मात्र सबंध गावाचा वतनदार सेवक होता, हे त्यांनी मराठी कागदांवरून मांडले. यात बरेचसे कागद छापील होते, तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातही सापडतील असे. फरक पडला तो प्रश्नामुळे. त्यामुळे छापील साधनांना कमी लेखू नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचे २२ खंड, पेशवे दफ्तराचे ४५, ग. ह. खऱ्यांनी काढलेले ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड, हे सगळे आधी चाळायचेच. फक्त एक ध्यानात असू द्या: जुन्या संपादनांत मायना, किरकोळ हिशेब, पाठीवरचे शेरे गाळण्याची पद्धत होती. तुमचा प्रश्न नेमका त्या गाळलेल्या भागात असू शकतो, आणि तेव्हा मूळ कागदापर्यंत जावेच लागते.

आता लिपी आणि भाषा. मोडीच्या वर्गात तुम्ही जे वाचलेत ते बहुधा आंग्लकालीन किंवा उत्तर पेशवाईतले सुबक वळण होते. अठराव्या शतकातल्या गावच्या कुलकर्ण्याचा हात त्याहून फार वेगळा असतो. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, बोरू न उचलता ओळ पळत असते. शिवकालीन वळण आणखी निराळे. शिवाय संक्षेप: मौ॥ म्हणजे मौजे, क॥ म्हणजे कसबे, प॥ म्हणजे परगणे. हिशेबाच्या कागदांत पाव, अर्धा, पाऊण उभ्या-आडव्या रेघांनी दाखवलेले, जमीन चावर-बिघ्यात, धान्य खंडी-मणात, आणि ही मापे गावोगाव बदलणारी. यावर उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा. ज्याचा मूळ कागद आणि छापील लिप्यंतर दोन्ही मिळते असे कागद निवडा, छापील झाकून मूळ वाचा, मग ताडून पाहा. आणि आज हा लेखक, उद्या तो असे न करता एकाच कारकुनाचा हात महिनाभर वाचा. वळण एकदा डोळ्यांत बसले की वेग येतो, आणि दुसऱ्या कारकुनाचा हात लागायला मग निम्माही वेळ लागत नाही.

तारखांसाठी वेगळा वेळ काढा. विद्यार्थी सर्वांत जास्त घसरतात ते इथेच. मराठी पत्रात वर्ष बहुधा सुहूर सनाचे असते आणि अरबी अंकशब्दांत, उलट्या क्रमाने लिहिलेले असते: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, ११६१. हा सन मृग नक्षत्रापासून बदलतो. त्यात ५९९ मिळवले की त्या पावसाळ्याचे इसवी वर्ष येते, १७६०. पण १ जानेवारी उलटली की ६०० मिळवायचे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि सुहूर सन तोच, ११६१. डोळे मिटून ५९९ मिळवणाऱ्याच्या प्रबंधात पानिपत १७६० सालच्या जानेवारीत होते, आणि दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले ते आणि हे एकाच महिन्यात येऊन बसते! त्याच दिवसाला हिजरी सन ११७४, फसली ११७०, शके १६८२. शिवाय पत्रातला महिना आणि चंद्र (म्हणजे महिन्यातली तारीख) हिजरी असतो. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सुहूर सन सौर. त्यामुळे एकाच सुहूर वर्षात दहा-अकरा चंद्रतारखा दोनदा येतात, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. अशी तारीख समोर आली की जंत्री (तारखा जुळवण्याचे कोष्टक) उत्तर देत नाही. वार दिला आहे का, पत्रात पावसाचा उल्लेख आहे का, फौज कुठे आहे, हे पाहून ठरवावे लागते.

तारखेचे महत्त्व कळायला शिवजन्माच्या वादाइतके चांगले उदाहरण नाही. पूर्वी वैशाख शुद्ध २ शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७, ही तिथी धरली जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली (जेधे घराण्याकडची सालवार घटनांची नोंद) प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य ३ शके १५५१ मिळाली. ती येते १९ फेब्रुवारी १६३० ला. पुढे परमानंदाच्या शिवभारतातही तेच निघाले. जेध्यांची नोंद आणि परमानंदाचे काव्य ही एकमेकांवरून उतरलेली नाहीत, तरी एकाच दिवसावर येतात. त्यामुळे बाजू बळकट झाली. वाद त्यानंतरही कित्येक दशके धुमसत राहिला, ते निराळे. तुमच्या कामापुरते घ्यायचे ते एवढेच, की एका कागदावर हवाला ठेवू नका. दुसरा स्वतंत्र कागद शोधा आणि तो खरेच स्वतंत्र आहे ना, तेही तपासा. एकाच घराण्यातल्या तीन नकला म्हणजे तीन पुरावे होत नाहीत.

बनावट कागदांचा धाकही मनात असावा. वतनाच्या भांडणात पैसा आणि मान दोन्ही होते, त्यामुळे खोट्या सनदा त्या काळातच बनत होत्या, आणि नंतर घराण्यांच्या प्रतिष्ठेसाठीही बनल्या. शिवाजी महाराजांच्या पत्रात वर मुद्रा आणि अखेरीस 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब (मजकूर संपल्याचा शिक्का) असते. मोर्तबापुढे मजकूर वाढलेला दिसला, मुद्रेतला किताब त्या तारखेला त्या माणसाला मिळालेलाच नसला, सुहूर सन आणि हिजरी महिना जुळत नसला, तर थांबायचे. कागद कोणाच्या घरून आला आहे हे पाहून संशय कमी-जास्त करू नका. आपल्याकडे हे सांगावे लागते. इतिहास इथे लोकांच्या भावनांशी इतका जोडलेला आहे की जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण पीएचडीच्या वयात वादाच्या विषयावर उडी घेण्यापेक्षा ज्या कामात कागद मुबलक आणि आरडाओरडा कमी, ते आधी करावे असे माझे मत आहे. हात बसला की मग हवे त्या वादात पडा, तेव्हा तुमच्या शब्दाला वजनही असेल.

फारसीचे उत्तर सरसकट देता येत नाही. विषय अठराव्या शतकातले गाव, पेठ, वतन, देवस्थान असा असेल तर मोडी पुरते. फारसी शब्दांचा कोश जवळ असला म्हणजे झाले, कारण मराठी दफ्तराची निम्मी परिभाषा फारसीतूनच आलेली आहे. सतराव्या शतकात शिरलात की अडचण सुरू होते. आदिलशाही-निजामशाही फर्माने फारसीत आहेत. काहींच्या खाली मराठी मजकूर असतो, पण तो दर वेळी वरच्या फारसीशी शब्दशः जुळेलच असे नाही, आणि फरक कुठे पडला हेच पाहण्यासारखे असते. मोगल-मराठा संघर्षावर काम करायचे तर फारसीशिवाय तुम्ही अर्धेच ऐकता. भीमसेन सक्सेना हा बुंदेल्यांच्या पदरी राहून दख्खनच्या स्वाऱ्या पाहणारा कायस्थ. त्याचे लेखन आज मराठीत वाचता येते ते सेतुमाधवराव पगडींमुळे. त्यांनी मोगल दरबाराची बातमीपत्रेही मराठीत आणली. त्या अनुवादांवर काम सुरू करता येते, पण त्यांच्यावर प्रबंध उभा करता येत नाही. परीक्षक पहिलाच प्रश्न विचारेल, मूळ पाहिले का?

बहमनी काळ किंवा त्याआधीचा यादवकाळ घ्यायचा असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. तिथे कागद जवळजवळ नाहीतच. शिलालेख, ताम्रपट, नाणी, महानुभाव ग्रंथ, देवळांचे दगड यांवर चालावे लागते, आणि कन्नड व संस्कृत लागते. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख किंवा गावोगावचे गद्धेगाळ (शापवाणी कोरलेले दगड) वाचायला मोडीचा काही उपयोग नाही. मराठ्यांच्या सागरी किंवा गोव्याकडच्या इतिहासासाठी पोर्तुगीज लागते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या अभिलेखागारात बसून मराठ्यांविषयी जे बाहेर काढले ते केवळ मराठी येणाऱ्याला सापडणे शक्यच नव्हते.

फारसी शिकायला किती दिवस लागतात असे नेहमी विचारतात. छापील फारसी रोज तासभर देऊन दोनेक वर्षांत वाचता येऊ लागते. हस्तलिखित शिकस्त (घाईचे, मोडके) वळण त्यानंतर, आणि त्याला कुणी जाणता शेजारी बसून दाखवणारा लागतो. आजकालचे ऑनलाइन वर्ग तेहरानची बोलचाल शिकवतात; आपल्याला हवी ती मुनशांची, अर्जदास्त-फर्मानांची फारसी, हे लक्षात ठेवून शिका. पीएचडीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. भाषा नोंदणीनंतर सुरू केली तर हे गणित बसत नाही. म्हणून सतरावे शतक खुणावत असेल तर नोंदणी वर्षभर लांबवा आणि भाषा आधी धरा. मोठ्या घाईत असाल तर अठरावे शतक आणि मोडी. दोन्ही मार्ग चांगले आहेत. कोणता, ते तुमच्या घरच्या परिस्थितीवर आणि वयावर आहे, आणि ते मला इथून दिसत नाही.

आता पोटाचे. या क्षेत्रातली मोठी नावे घ्या आणि त्यांचा पगार कुठून येत होता ते पाहा. राजवाड्यांनी नोकरी फार काळ धरली नाही. वणवण हिंडून लोकांच्या माळ्यावरची दफ्तरे मिळवली आणि १८९८ साली पहिला खंड काढला. सरदेसाई बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत. ग. ह. खरे जन्मभर भारत इतिहास संशोधक मंडळात, म्हणजे राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात काढलेल्या संस्थेत. पगडी हैदराबाद संस्थानात आणि नंतर महाराष्ट्रात सरकारी अधिकारी. इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकर १९३९ साली नव्याने उभ्या राहिलेल्या डेक्कन कॉलेजात आले तेव्हा चाळिशी ओलांडून गेलेले. पुणे विद्यापीठातून शिवकालाच्या आर्थिक इतिहासाकडे लोकांना वळवणारे अ. रा. कुलकर्णी, हा विद्यापीठीय प्राध्यापकाचा रस्ता त्या मानाने अलीकडचा. पगार एकीकडून आणि संशोधन दुसरीकडे, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. मला ती आदर्श वाटत नाही. राजवाड्यांच्या फकिरीचे गोडवे गाणाऱ्यांनी महिनाअखेरीस घरभाडे भरून दाखवावे.

तरी आजचे चित्र नीट समजून घ्या. २०२३ च्या नियमानुसार सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट पुरेशी आहे, पीएचडी सक्तीची नाही. म्हणजे कागदोपत्री तुम्ही आजच पात्र आहात. अडचण पदांची आहे: इतिहासाच्या कायम जागा थोड्या निघतात, त्यातही खुल्या-राखीव बिंदूंचे गणित, आणि मधली वर्षे तासिका तत्त्वावर. म्हणून केवळ नोकरीसाठी पीएचडी करू नका असे मी स्पष्ट सांगते. करायचीच असेल तर आधी पैशाची सोय बघा. नेट देऊन जेआरएफसाठी (कनिष्ठ संशोधन अभ्यासवृत्तीसाठी) प्रयत्न करा. भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेच्या अभ्यासवृत्तीवर लक्ष ठेवा. प्रवर्गानुसार सारथी, बार्टी, महाज्योती या शासकीय संस्थांच्या अभ्यासवृत्तींच्या जाहिराती पाहत राहा. सीएचबीवर चार कॉलेजांत एस.टी.ने फिरत असताना दफ्तरखान्याच्या वेळा सांभाळता येत नाहीत. तो सकाळी उघडतो आणि संध्याकाळी बंद होतो, आणि तेव्हाच तुमचे तास असतात.

हात खरोखर चांगला बसला तर मात्र शिकवण्याबाहेरही दारे आहेत. पुराभिलेख संचालनालय, दर्शनिका (गॅझेटियर) विभाग, संग्रहालये, देवस्थानांची आणि जुन्या घराण्यांची दफ्तरे, जमिनीच्या दाव्यांतले लिप्यंतर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी केवढी मागणी आली ते तुम्ही पाहिलेच असेल. ते काम बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या आणि त्यानंतरच्या नोंदींचे, म्हणजे वळण सोपे. पैसे मिळतात, डोळाही तयार राहतो. फक्त त्यात इतके अडकू नका की स्वतःचा रुमाल बांधलेलाच राहील. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर इथेही मराठी कागद पडून आहेत आणि तिथे वाचणारे पुण्याहून कमी. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर स्पर्धा एकदम विरळ होते. परदेशी विद्यापीठांतही मराठीचे कागद स्वतः वाचणाऱ्याला विचारतात, पण त्यांच्याशी बोलायचे तर इंग्रजीत लिहिता आले पाहिजे. प्रबंध मराठीत लिहा, हरकत नाही. त्यातला एक चांगला लेख इंग्रजीत करून ठेवा.

तेव्हा गाईडकडे पुन्हा जाण्याआधी एवढे करा. तुमच्या भागाचा एक परगणा धरा. त्याचे गावोगावचे छापील कागद राजवाडे, पेशवे दफ्तर आणि मंडळाच्या त्रैमासिकांतून काढून त्यांची कालानुक्रमे यादी करा. प्रत्येकापुढे सुहूर, शके आणि इसवी तिन्ही लिहा. मग विभागप्रमुखांचे पत्र घेऊन पुराभिलेखागारात जा, त्या परगण्याच्या रुमालांच्या याद्या पाहा आणि पहिल्या रुमालातली पाच पाने स्वतःच्या हाताने देवनागरीत उतरवा. ती पाने आणि यादी गाईडपुढे ठेवा. 'सगळे झाले आहे' म्हणणारे गृहस्थ त्यानंतर काय म्हणतात ते बघा. तुम्ही जिल्हा कळवला नाही. तो आणि तालुका सांगितलात तर तिथला जुना परगणा कोणता आणि सुरुवात कुठल्या खंडापासून करावी, हे मी लिहीन.